वाडी रिकामी, बाजार भरलेला

दिवाळी अंक वाचकाच्या हातात पडतो, नेमके तेच दिवस बीड जिल्ह्यात गावं उठण्याचे असतात. लक्ष्मीपूजन उरकतं, भाऊबीज कधी पदरात पडते कधी राहून जाते, आणि शिरूर, पाटोदा, वडवणी, धारूर, केजच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांच्या तोंडाशी ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, गोधड्या, ताडपत्री, बाजरीचं पोतं, चार भांडी, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर लेकरं. कुठं निघालात, असं कुणी विचारत नाही. ‘कारखान्याला’ हे उत्तर दोन-तीन पिढ्यांपासून सगळ्यांना पाठ आहे. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि पाडव्याच्या आगेमागे, उन्हाच्या तडाख्यात परतायचं.

नोव्हेंबरअखेर अशा एखाद्या वाडीत शिरलं तर दारांना कुलपं असतात. ओट्यावर म्हातारी-कोतारी माणसं, त्यांच्या भोवती सांभाळायला ठेवलेली नातवंडं. शाळेचा पट भरलेला, बाकं मात्र मोकळी. आणि तिथून आठ-दहा किलोमीटरवरच्या बाजारगावात त्याच दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मोबाइलची दुकानं, सोनाराची पेढी, कृषी सेवा केंद्रं, कापडाचे गाळे, ‘मल्टिस्पेशालिटी’ अशी पाटी लावलेले दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळं दोन-तीन रस्त्यांत दाटीवाटीने उभं. वाड्या रिकाम्या आणि बाजार भरलेला, हे या जिल्ह्याचं खरं चित्र आहे, आणि ते नीट पाहिल्याशिवाय बीड समजत नाही.

बीडबद्दल बाहेर लिहिलं जातं ते बहुधा दोन वेळी. पाऊस पडत नाही तेव्हा आणि रक्त सांडतं तेव्हा. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली, तेव्हापासून तर अख्ख्या जिल्ह्याची ओळखच त्या एका प्रकरणाने पुसून टाकली. त्या हत्येचा संताप खरा आहे, न्याय व्हायलाच हवा. पण ज्या गावात हे घडलं ते गाव कसं जगतं, त्याच्या शेजारचं आडस, युसूफवडगाव, होळ कसं जगतं, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार भरली. त्यातली शंभरात ऐंशी माणसं खेड्यात राहणारी. लाखावर वस्ती असलेलं शहर एकच, खुद्द बीड. तेव्हा ते दीड लाखाच्याही आत होतं. त्याच्या खालोखाल परळी आणि आंबेजोगाई. मग माजलगाव, गेवराई, धारूर अशा छोट्या नगरपालिका. केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी अशा नगरपंचायती. आणि त्याहून खाली, सरकारदरबारी निव्वळ ग्रामपंचायत असलेली पण लोकांच्या जगण्यात पुरतं शहर असलेली गावं: नेकनूर, चौसाळा, कडा, तलवाडा, रायमोहा, अंमळनेर, लिंबागणेश, तेलगाव, दिंद्रुड, सिरसाळा, घाटनांदूर, बर्दापूर. आठवडी बाजार, बँकेची शाखा, दहावी-बारावीची शाळा, एसटीचा थांबा आणि दोन-चार डॉक्टर एवढ्या भांडवलावर यातलं एकेक गाव आजूबाजूच्या पंधरा-वीस वाड्या-तांड्यांना बांधून ठेवतं.

हे बांधलेपण जमिनीतूनच आलं आहे. बालाघाटाची रांग जिल्ह्याला आडवी कापत जाते. उत्तरेला गोदाकाठ, ज्याला इथली माणसं गंगथडी म्हणतात: गेवराई, माजलगावची काळी, खोल जमीन, कापूस, आता धरणाच्या आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. दक्षिणेला आणि पश्चिमेला घाटमाथा: मुरमाड, हलक्या जमिनी, उताराने वाहून जाणारं पाणी. पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरी हा शब्द इथं फार फसवा. एका पावसाळ्यात नदी गावात शिरते आणि पुढचे दोन पावसाळे विहिरीचा तळ दिसतो. अशा माळावर मोठी गावं वसत नाहीत. पाण्याच्या एकेका झऱ्याभोवती एकेका भावकीची वाडी वसते, डोंगराच्या कुशीत तांडा वसतो. म्हणून शिरूर किंवा पाटोदा तालुक्याच्या नकाशावर वाड्यांची नावं मोजता मोजता थकायला होतं. वंजारी, मराठा, धनगर, बंजारा, लिंगायत, दलित, मुसलमान अशी वस्ती. आपल्या वाडीत बहुतेक एकाच जातीची, बाजारात मात्र सगळ्यांची सरमिसळ. बाजारगावाची खरी किंमत इथं आहे. वाडीत जी माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसणार नाहीत, ती बाजारात एकाच हॉटेलच्या बाकावर चहा पितात, एकाच व्यापाऱ्याच्या काट्यावर सोयाबीन घालतात.

निजामाच्या राजवटीतून हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ रोजी मोकळा झाला. तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं जिल्ह्यात सातच तालुके होते. परळी, धारूर, वडवणी, शिरूर ही पुढची भर. तालुका झाला की तहसील येतं, कोर्ट येतं, पंचायत समिती येते, आणि तिच्या मागोमाग झेरॉक्सची दुकानं, वकिलांची टेबलं, कंत्राटदारांच्या जीपगाड्या. शिरूर कासारसारखं सिंदफणेच्या काठचं गाव दोन दशकांत बदललं ते कुठल्या कारखान्यामुळे बदललं नाही, कचेरीमुळे बदललं. पण कचेरीचा पगार मोजक्यांना. बाजार चालवणारा खरा पैसा दुसरीकडून येतो, आणि तो डोंगरातल्या माणसांच्या पुढच्या हंगामाच्या घामावर आगाऊ उचललेला असतो.

त्याला इथं ‘उचल’ म्हणतात. पावसाळ्यात, पेरणीच्या ओढाताणीत, मुकादम वाडीत येतो. कारखान्याकडून किंवा ऊसवाहतूकदाराकडून त्याने मोठी रक्कम घेतलेली असते. ती तो जोडप्या-जोडप्यांना वाटतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी. उचल घेतली की त्या घराचा हिवाळा विकला गेला. पैसा मात्र वाडीत राहत नाही. मुलीचं लग्न, आधीचं देणं, बी-बियाणं, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, एखादी मोटारसायकल. आठ-पंधरा दिवसांत सगळी रक्कम बाजारगावात खर्ची पडते. सोनार, कापडवाला, खतवाला, डॉक्टर, मंगल कार्यालयाचा मालक यांच्या गल्ल्यात ती जाते. मग दिवाळीनंतर तोच माणूस ते पैसे फेडायला कोल्हापूरच्या फडात उभा राहतो. बाजारपेठेच्या झगमगाटाखाली हे देणं आहे. ते दुकानदाराच्या वहीत कुठं नोंदलेलं नसतं.

१९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतराला जोर दिला. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने वाढत होते, त्यांना हंगामी हात हवे होते. इथं हात होते आणि काम नव्हतं. पण दुष्काळ संपल्यावर माणसं परतून आपल्या रानात रुजली नाहीत, कारण दुष्काळ हे एकटं कारण कधीच नव्हतं. कोरडवाहू दोन-तीन एकरांत वर्ष निघत नाही, खरिपाचं पीक दसऱ्याला घरात येतं आणि रब्बीला पाणी नसतं. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांसाठी जिल्ह्याने आपल्या माणसांना काही दिलं नाही. त्याच जिल्ह्यात, गंगथडीला, माजलगाव धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तेलगावला साखर कारखाना आहे, परळीजवळ पांगरीला आहे, गेवराईच्या गढीला आहे. म्हणजे बीड ऊस पिकवतोही आणि दुसऱ्यांचा ऊस तोडायलाही जातो. पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात एक शेतकरी तोडणीची चिठ्ठी मिळावी म्हणून खेटे घालतो आणि एक माणूस तोडणीसाठी तीनशे किलोमीटर जातो.

फडावरचं काम पहाटे तीन-चारला सुरू होतं. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी रात्री येवो की पहाटे, आली की भरायची. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी मिळेल तिथून. एक दिवस चुकला तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तोडणीच्या दरासाठी संप, मोर्चे, बैठका हा दर काही वर्षांनी होणारा प्रकार आहे. जानेवारी २०२४ च्या करारात दरात ३४ टक्के वाढ झाली. वाढ मोठी दिसते. पण दर टनावर मिळतो, आणि टन भरतो तो बाईच्या मानेवरून.

या बायकांबद्दल २०१९ मध्ये जे बाहेर आलं ते या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजारगावाने आपल्या वेशीवर कोरून ठेवावं असं आहे. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या, आणि त्यातल्या कितीतरी बायका वयाने तिशी-पस्तिशीच्या. पाळीच्या दिवसांत फडावर उभं राहणं अवघड, खाडा परवडत नाही, उघड्यावरच्या अस्वच्छतेने जंतुसंसर्ग होतो, पोटात दुखायला लागतं; ती बाई तालुक्याच्या दवाखान्यात येते आणि तिला कर्करोगाची भीती घातली जाते. पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. पैसा उचलीतला. म्हणजे त्या ऑपरेशनचं कर्ज फेडायला पुन्हा फडावर.

मुकादमाला आणि कारखान्याला बोल लावणं योग्यच आहे, ते सगळे लावतात. आपल्याच बाजारगावातल्या दवाखान्याच्या पाटीकडे मात्र कुणी बोट दाखवत नव्हतं. त्या दवाखान्यात जाणारी बाई आणि तिथला डॉक्टर एकाच तालुक्याचे, पुष्कळदा एकाच शाळेत शिकलेले. याच जिल्ह्यात २०११ मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी तोच आकडा ८९४ होता. सोनोग्राफीचं यंत्र वाडीत नव्हतं, बाजारात होतं. पुढे कारवाई झाली, खटले चालले, मुलींचं प्रमाण सुधारलं. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल असा नियमही २०१९ नंतर आला. हे बदल झाले ते आकडे उघड्यावर आले म्हणून. झाकून ठेवलं असतं तर काहीच झालं नसतं.

बालविवाहाचं गणितही कोयत्याशी जोडलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यातल्या विशीतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. जोडपं असेल तर पूर्ण कोयत्याची उचल मिळते. तरण्या मुलीला म्हाताऱ्या आजीजवळ एकटी ठेवायची भीती, फडावर न्यायची त्याहून मोठी भीती. मग उन्हाळ्यात परतल्यावर, दहावीचा निकाल लागायच्या आधीच, बोहल्यावर. आईबापांना दोष देणं सोपं आहे. त्या मुलीला राहायला तालुक्याच्या गावी एक सुरक्षित खोली, दोन वेळचं जेवण आणि शाळा असती तर यातली कितीतरी लग्नं चार-पाच वर्षं पुढे गेली असती.

हे करून दाखवणारी माणसं याच मातीत आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक नागरगोजे यांनी उभं केलेलं ‘शांतिवन’ ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं गेली दोन दशकं सांभाळतं आहे. आंबेजोगाईला द्वारकादास लोहिया आणि शैला लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ सुरू केलं. पाणलोटाची कामं, एकट्या पडलेल्या बायकांना आधार, दुष्काळात चाऱ्या-पाण्याची सोय, असं ते काम पसरत गेलं. दोन्ही कामं मोठ्या शहरातून आलेली नाहीत. छोट्या गावात राहून, त्याच बाजारातून किराणा भरून केलेली आहेत.

बाजाराने बांधलेली माणसं एक, आणि गडांनी बांधलेली दुसरी. बीडमध्ये गड म्हणजे किल्ला नव्हे. डोंगरमाथ्यावरचं संतस्थान म्हणजे गड. बीडजवळचा नारायणगड, ज्याला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. पाटोदा तालुक्यात चिंचोलीचा गहिनीनाथगड. आणि हद्दीवर, नगर जिल्ह्याच्या पाथर्डीत असला तरी मनाने बीडचाच असलेला भगवानगड. भगवानबाबांचा जन्म १८९६ मध्ये पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला झाला. शाळा नव्हत्या तिथं त्यांनी हरिनाम सप्ताह नेले आणि सप्ताहातून शिक्षणाचा, निर्व्यसनी राहण्याचा आग्रह धरला. लिंगायतांचं कपिलधार मांजरसुंब्याजवळ आहे. मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात. गावोगावच्या सप्ताहांची जुनी रीत अशी की पंगतीचं पीठ घरोघर वाटून दिलं जातं आणि ठरल्या दिवशी भाकरी गोळा होतात, कुठल्या घरची कोणती हे न पाहता. अलीकडे गडांना जातीचे झेंडे चिकटले, दसऱ्याचे मेळावे ताकद दाखवण्याचे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनात बीड, माजलगावात जाळपोळ झाली आणि त्यानंतरच्या निवडणुकांत मराठा-वंजारी दरी इतकी रुंदावली की काही ठिकाणी माणसं दुकानाच्या पाटीवरचं आडनाव वाचून आत शिरायची की नाही हे ठरवू लागली. बाजारगावाला यापेक्षा मोठा धोका नाही. त्याचा प्राणच सरमिसळीत आहे. ती गेली तर उरतात नुसते गाळे.

आणि ही दरी जुनी नाही, हे ठासून सांगितलं पाहिजे. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत बीडने डाव्या लोकशाही आघाडीचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना पाठवलं. १९६७ मध्ये साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. १९७७ मध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे यांना. तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या जाती. एक तर जिल्ह्याबाहेरचे. त्यांना निवडून देणारा मतदार तोच होता, डोंगरातला आणि गंगथडीचा कोरडवाहू माणूस. जमीन, मजुरी, कर्ज यांवर तो मत देत होता. आज त्याच्याच नातवंडांना कुणी सांगत असेल की तुमचं भांडण पलीकडच्या वाडीशी आहे, तर हा इतिहास त्यांच्यापुढे ठेवायला हवा.

आता आंबेजोगाईबद्दल जरा सविस्तर, कारण छोटं शहर काय करू शकतं याचं उत्तर तिथं आहे. योगेश्वरीचं हे गाव. कोकणातली कितीतरी घराणी तिला कुलदेवी मानून आजही इथं येतात. गावाबाहेर हत्तीखान्याची लेणी. मुकुंदराजांची समाधी इथली. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चं लेखन शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ चं मानलं जातं. ग्रंथ इथला की विदर्भातल्या आंभोऱ्याचा हा अभ्यासकांचा जुना वाद आहे, आणि आंबेजोगाईकर त्यात हिरिरीने उतरतात. सोळाव्या शतकातले दासोपंत मात्र निःसंशय या गावचे. लिहायला कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर लिहिलं: सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापडावरचं ‘पंचीकरण’. ते कापड आजही गावात जपलेलं आहे. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं, घोडदळाची छावणी होती. त्या मोमिनाबादेत स्वामी रामानंद तीर्थ १९३० च्या दशकात योगेश्वरीच्या शाळेत शिकवायला आले. शाळेने मुलं घडवली आणि त्या मुलांमधून हैदराबाद मुक्तीच्या लढ्याचे कार्यकर्ते निघाले. पुढे त्यांच्याच नावाने १९७४ मध्ये इथं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आशियातलं अशा प्रकारचं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं. जिल्ह्याचं ठिकाण नसलेल्या, रेल्वे नसलेल्या गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. धारूरची, केजची, परळीची, शेजारच्या लातूर-धाराशिवची गरीब बाळंतीण तिथं पोचते. खासगी दवाखान्यांच्या पाट्यांबद्दल वर जे लिहिलं, त्याला याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून हे उत्तर उभं आहे. आंबेजोगाई वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी कित्येक वर्षांची. होईल तेव्हा होवो. गावाचं मोठेपण शाळेने आणि रुग्णालयाने आणलं, हे पाटोदा-शिरूरने पाहून ठेवण्यासारखं आहे.

परळीची गोष्ट उलटी आहे. वैजनाथाचं ज्योतिर्लिंग, अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ, निजामाच्या काळापासूनची रेल्वे, आणि १९७१ पासून औष्णिक वीज. जिल्ह्यात उद्योग म्हणावा असा हा एकच मोठा. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून संच बंद ठेवावे लागले. वीज राज्याला गेली. राख परळीला राहिली. त्या राखेवर वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, वाहतूक उभी राहिली, आणि तिच्या ठेक्यांवर दहशतही. काम देणारी एकच जागा असली की तिच्या दारावर कोण उभा आहे त्यावर गावाचं राजकारण ठरतं.

धारूरला आदिलशाहीतला किल्ला आहे आणि त्याच्याभोवतीच्या डोंगरात सीताफळं. कुणी लावलेली नाहीत, आपोआप उगवलेली, पावसावर वाढलेली, मुरमाड जमिनीमुळे गोडीला गच्च. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बायका पहाटे डोंगरात जाऊन पाट्या भरून आणतात आणि घाटाच्या वळणावर विकायला बसतात. फळ दोन दिवसांत पिकून फुटतं, म्हणून व्यापारी सांगेल तो भाव. गर काढून गोठवण्याची सोय तालुक्यात झाली तर कोयत्याला जाण्याआधीच्या महिन्यात घरात पैसा येईल, आणि उचलीचा आकडा तेवढा कमी होईल. धरण, कारखाना, महामार्ग यांवर खर्च होणाऱ्या पैशापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

पाण्याची अक्कल तर या मुलखाला जुनी आहे. बीडच्या दक्षिणेला सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, राजा भास्कर नावाच्या कारागिराने बांधलेली खजाना विहीर आहे. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी वाहत शेतापर्यंत जातं, मोट नाही, पंप नाही. चार शतकं उलटून गेली, अनेक दुष्काळांत ती आटली नाही.

गंगथडीची गावं वेगळ्या चालीची. राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने निजामाला हरवलं. आज तिथं गर्दी होते ती शनीच्या देवळासाठी. माजलगाव तालुक्यातलं पुरुषोत्तमपुरी एरवी अडीच वर्षं शांत असतं आणि अधिक महिन्यात तिथं अनारसे, धोंड्यांच्या वाणासह बायकांची रीघ लागते. रामदेवराव यादवाच्या काळातला इ.स. १३१० चा ताम्रपट या गावच्या नावाने इतिहासात ओळखला जातो. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाने काही गावं गिळली, बाकीच्यांना ऊस दिला. तिथली माणसं कारखान्याला जातात ती सभासद म्हणून.

या सगळ्या वाड्यांतून एक नाव जगभर गेलं ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, एसटी नाही, म्हणून पोरगं पळत जायचं. सैन्यात भरती झाल्यावर तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम पुन्हा पुन्हा मोडले, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलात रौप्य, २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी. या कौतुकात एक गोष्ट विसरली जाते: सहा किलोमीटरवर का होईना, शाळा होती, आणि हा मुलगा वर्षभर तिथं जाऊ शकत होता.

नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ मध्ये मंजूर झाली, २६१ किलोमीटरची. २०२२ च्या सप्टेंबरात ती आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली प्रवासी गाडी लागली. तीस वर्षं लागली. फलाटावर म्हातारी माणसं नुसतं इंजिन बघायला आली, त्यांच्या आनंदात कुणीही सहभागी व्हावं. पुढे ही लाइन वडवणी, तेलगाव, सिरसाळा अशी बाजारगावं जोडत परळीला मिळेल. कापूस, सोयाबीन, सीताफळ बाहेर जाईल, हे खरं. पण रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो, आणि स्वस्त गाडीने माणसं अधिक सहज बाहेरच जातील, जर बाजारगावात त्यांच्यासाठी काही नसेल.

सरकारने अगदीच काही केलेलं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ आहे, ग्रामसेवकांमार्फत कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम २०२१ पासून सुरू आहे, कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना त्याच वर्षी आली. त्याआधीपासून गावोगावी हंगामी वसतिगृहं आहेत: मूल आजी-आजोबांकडे राहतं, शाळा दोन वेळ जेवू घालते. यातली हंगामी वसतिगृहाची गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत मोलाची आहे, आणि तिचं सगळं यश तारखेवर आहे. दिवाळीच्या सुटीआधी ते सुरू झालं, तांदूळ-डाळ शाळेत पोचली, स्वयंपाकीण ठरली, तर आई लेकराला मागे ठेवायला तयार होते. ट्रॅक्टर निघून गेल्यावर मंजुरीचा कागद आला, तर जेवण शिजतं आणि जेवायचं लेकरू कर्नाटकात फडाच्या बांधावर असतं. म्हणून ऑगस्टच्या ग्रामसभेत, मुकादम उचल वाटत असतानाच, कोणत्या घरातलं कोणतं मूल मागे राहणार आणि त्याला कोण सांभाळणार ही यादी वाचली गेली पाहिजे. मुकादमाची यादी तोवर तयार असते. शाळेची त्याच्या आधी तयार व्हावी.